वारेचं घनफळ: एक मिलिमीटर इकडे, एक मिलिमीटर तिकडे

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. सोबत सोनोग्राफीच्या रिपोर्टचा जरा तिरका आलेला फोटो. बारावा आठवडा चालू होता. बाळाची लांबी, हृदयाचे ठोके, मानेमागच्या पाण्याची जाडी, सगळं व्यवस्थित. आणि सगळ्यात खाली एक ओळ: प्लॅसेंटाचं घनफळ अमुक इतके घन सेंटिमीटर, अपेक्षेपेक्षा कमी. "ताई, तू यातच पीएचडी करतेस ना? हे काळजीचं आहे का गं?"

मी यातच पीएचडी करते, हे खरं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या त्रिमितीय सोनोग्राफीतून वार ओळखून तिचं घनफळ काढणारा प्रोग्रॅम लिहिणं, हे माझं काम. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तिला मी लगेच "डॉक्टरांना विचार" असं लिहून मोकळी झाले. पण ते उत्तर लिहिताना मला स्वतःची लाज वाटली. तीन वर्षं जो आकडा मी काढतेय, तो एका माणसाच्या रिपोर्टवर आला तर त्याचा अर्थ काय, हे मला एका वाक्यात सांगता येऊ नये?

म्हणून ही पोस्ट. या विषयावरचं संशोधन काय सांगतं, कुठे भक्कम आहे आणि कुठे पाया भुसभुशीत आहे, ते मांडते. ही पोस्ट वैद्यकीय सल्ला नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि यात टीका आहे ती मुख्यतः माझ्याच क्षेत्रावर, म्हणजे पर्यायाने माझ्यावरही.

आधी वारेबद्दल

आपल्याकडे नाळ आणि वार यांत नेहमी गल्लत होते. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी. ती दोरी जिथे जाऊन जोडली जाते ती वार, म्हणजेच प्लॅसेंटा. बाळंतपणानंतर "वार पडली का?" असं विचारतात ती हीच. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची असते. आईकडून ऑक्सिजन आणि अन्न घ्यायचं, बाळाकडचा कचरा परत द्यायचा, वर हॉर्मोनही तयार करायची, असा तो नऊ महिन्यांपुरता तयार होणारा अवयव. काम संपलं की शरीर तो टाकून देतं.

वारेचं काम बिघडलं तर पुढे दोन मोठी संकटं येऊ शकतात. एक, बाळाची वाढ खुंटणं. दोन, प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आईच्या अवयवांवर ताण येणं. दोन्हींची लक्षणं दिसतात उशिरा, पण बऱ्याचदा मूळ असतं पहिल्या काही आठवड्यांत, वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते तेव्हा. त्यामुळे विचार सरळ होता: बाराव्या आठवड्याला तशीही सोनोग्राफी होतेच, तर तेव्हाच वारेचा आकार मोजू. लहान निघाली तर पुढचा धोका आधीच कळेल.

विचार चांगलाच आहे. अडचण "मोजू" या शब्दात आहे.

मोजतात कसं?

साधी सोनोग्राफी एक चकती दाखवते, पाव कापल्यावर दिसणाऱ्या एका कापासारखी. त्रिमितीय सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये एक छोटी मोटर असते. ती आतला भाग काही सेकंदांत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला झुलवते आणि असे शेकडो काप एकत्र रचून पूर्ण ठोकळा साठवला जातो. बाई घरी गेली तरी तो ठोकळा संगणकावर राहतो. हवा तसा फिरवा, हवा तिथे कापा.

घनफळ काढायची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे व्होकल. व्हर्च्युअल ऑर्गन कम्प्युटर-एडेड अ‍ॅनालिसिस या लांबलचक नावाचं हे लघुरूप. यात वारेच्या मधून एक आस धरायचा, त्याभोवती ठोकळा ठरावीक अंशांनी फिरवायचा, आणि प्रत्येक वेळी समोर आलेल्या कापात वारेची कड माऊसने रेखायची. ३० अंशांनी फिरवलं तर ६ काप रेखावे लागतात, १५ अंशांनी १२ आणि ६ अंशांनी ३०. मधल्या जागा संगणक अंदाजाने भरतो.

आता हिशेब करून बघा. वारेचा व्यास ८ सेंटिमीटर धरला तर आसापासून कड ४ सेंटिमीटर लांब. ३० अंशांच्या पायरीत कडेला दोन कापांमधलं अंतर होतं जवळपास २ सेंटिमीटर! म्हणजे कडेचा जो वाकडातिकडा भाग त्या दोन सेंटिमीटरांत येईल, तो कुणीही पाहिलेलाच नसतो. ६ अंशांवर तेच अंतर ४ मिलिमीटरच्या आसपास येतं, पण मग एका वारेसाठी ३० कड्या रेखायच्या. मी सुरुवातीला हे हाताने करायचे. एका वारेला पंधरा-वीस मिनिटं सहज जायची, आणि दहाव्या वारेपर्यंत डोळ्यांसमोर नुसता करडा धुरळा.

म्हणून कुठलाही पेपर वाचताना मी आता पहिल्यांदा पद्धतीच्या भागात जाऊन अंश बघते. दोन पेपरांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी हे बघायलाच हवं.

लाडू आणि थालीपीठ

माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हा आहे, आणि तो समजायला शाळेतली भूमिती पुरते.

बाराव्या आठवड्याची वार म्हणजे ढोबळमानाने एक जाड थालीपीठ समजा. व्यास ८ सेंटिमीटर, जाडी १.५ सेंटिमीटर. घनफळ होतं साधारण ७५ मिलिलिटर. आता रेखताना माझा हात सगळीकडे फक्त १ मिलिमीटर बाहेर गेला. व्यास झाला ८.२, जाडी झाली १.७. घनफळ ९० मिलिलिटर. आणि १ मिलिमीटर आत गेला तर? व्यास ७.८, जाडी १.३. घनफळ ६२ मिलिलिटर.

म्हणजे वार तीच, बाई तीच, ठोकळा तोच. एक मिलिमीटर इकडे की तिकडे, एवढ्यावर उत्तर ६२ ते ९० यांपैकी काहीही.

आता त्याच ७५ मिलिलिटरचा लाडू घ्या. त्याची त्रिज्या येते २.६ सेंटिमीटर. तिथे १ मिलिमीटरची चूक केली तर घनफळ साधारण १२ टक्क्यांनी बदलतं. थालीपिठात तीच चूक १९ टक्क्यांची होते. कारण उघड आहे: थालीपिठाच्या आकारमानाच्या मानाने त्याला पृष्ठभाग खूप जास्त, आणि चूक होते ती पृष्ठभागावरच. व्होकलसारख्या पद्धती ज्ञात घनफळाच्या वस्तू पाण्यात बुडवून तपासल्या गेल्या आहेत आणि तिथे त्यांची कामगिरी चांगली आहे. पण पाण्यातल्या वस्तूची कड स्वच्छ दिसते. गर्भाशयात ती तशी दिसत नाही. शिवाय आपलं थालीपीठ सपाट तव्यावर नाही, वाटीच्या आतल्या बाजूला थापलेलं आहे.

कड नक्की कुठे आहे?

वारेच्या दोन बाजू. बाळाकडची बाजू सोपी असते, कारण तिथे पाणी आहे आणि पाणी सोनोग्राफीत काळं दिसतं. खरी मारामारी असते आईकडच्या बाजूला. तिथे वार, तिच्याखालचं गर्भाशयाचं अस्तर आणि त्याखालचा स्नायू हे एकात एक मिसळलेले करडे थर असतात. त्यात गर्भाशयाचा तेवढाच भाग आकुंचन पावला असेल तर स्नायू फुगतो आणि वारच जाड असल्यासारखी दिसते. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तर ती "जाडी" गायब!

आणि वारेच्या काठाचं काय? इथे प्रश्न नुसता चित्राचा नाही, जीवशास्त्राचा आहे. सुरुवातीला वारेचे तंतू गर्भाच्या पिशवीभोवती सगळीकडून असतात. आठव्या आठवड्यानंतर एका बाजूचे हळूहळू विरत जातात आणि दुसऱ्या बाजूचे वाढून त्यांची चकती बनते. ही प्रक्रिया पहिली तिमाही संपत येईपर्यंत चालू असते. म्हणजे नेमक्या ज्या आठवड्यांत आपण "वार कुठे संपते?" असं विचारतो, त्या आठवड्यांत खुद्द वारेचंच ते ठरत असतं.

मी इंजिनिअर असल्यामुळे पहिलं वर्षभर मला वाटायचं, कड अस्पष्ट आहे म्हणजे मशीन कमी पडतंय किंवा माझा फिल्टर चुकतोय. एकदा मी काही ठोकळे दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रेखले. पहिल्या वेळचे आकडे न बघता. जुळवून पाहिलं तर एका वारेचा दुसरा आकडा पहिल्याच्या सव्वापट! मॅडमना दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू वार मोजत नाहीयेस, तुझा त्या दिवशीचा मूड मोजतेयस." त्या दिवशी राग आला होता. आता तेच वाक्य प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात, जरा सभ्य भाषेत, घातलंय.

"पुनरावृत्ती उत्तम" म्हणजे किती उत्तम?

मग पेपरांमध्ये "दोन निरीक्षकांमध्ये उत्कृष्ट जुळणी" असं कसं काय लिहिलेलं असतं? बऱ्याचदा ते एका सहसंबंध गुणांकाच्या जोरावर लिहिलेलं असतं, ०.९ च्या वरच्या. तो आकडा खोटा नसतो. पण तो काय सांगतो, हे नीट बघायला हवं.

समजा, पहिलीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या मुलांची उंची तुम्ही आणि मी, दोघांनी वितीने मोजली. आपल्या दोघांच्या आकड्यांचा सहसंबंध झकास येईल. कारण पहिलीचं पोर आणि दहावीचं पोर यांच्यातला फरकच एवढा मोठा आहे की आपली वीतभर चूक त्यात लपून जाते. पण त्याच वितीने फक्त चौथी-अ मधल्या मुलांत कोण बुटकं ते ठरवायला गेलो, तर आपलं भांडण होईल.

वार ११ ते १३ आठवड्यांत झपाट्याने वाढते. या सगळ्या आठवड्यांच्या बायका एकत्र घेऊन गुणांक काढला की तो पहिली ते दहावीचा गुणांक होतो. रिपोर्टवर मात्र प्रश्न चौथी-अ चा असतो: बारा आठवड्यांच्या इतर वारांच्या तुलनेत हिची लहान आहे का? मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये हेच समजावून सांगितलं होतं. सहसंबंध बघू नका, दोन मापांतला फरक बघा, आणि तो मूळ एककात सांगा. म्हणजे "दोघांच्या मापात इतक्या मिलिलिटरपर्यंत फरक पडू शकतो" असं. चाळीस वर्षं होत आली. तरी अजूनही पेपरच्या सारांशात गुणांक ठळक आणि मिलिलिटर कुठेतरी तक्त्यात असं चित्र दिसतं.

दुसरी पळवाट जास्त सूक्ष्म आहे. "दोघांनी स्वतंत्रपणे मोजलं" असं लिहिलेलं असतं तेव्हा अनेकदा दोघांनी एकच साठवलेला ठोकळा रेखलेला असतो. त्यात फक्त रेखण्याची चूक कळते. बाईला उठवून, पुन्हा झोपवून, पुन्हा प्रोब ठेवून नवा ठोकळा घेतला तर काय होईल, हे त्यातून कळत नाही. प्रोबचा कोन बदलतो, मूत्राशय भरतं, बाळ हलतं, पोटाची चरबी आड येते, वार मागच्या भिंतीवर असेल तर बाळाची सावली पडते. प्रत्यक्ष दवाखान्यात हीच चूक जास्त महत्त्वाची.

आणि तिसरं: ज्या ठोकळ्यांत वार पूर्ण मावली नाही ते आधीच बाद केलेले असतात. ते समजण्यासारखं आहे, अर्धी वार कशी मोजणार? पण मग अभ्यासातला निष्कर्ष "चांगलं चित्र आलेल्या बायकांसाठी" असतो. किती बाद केले आणि त्या बायका कोण होत्या, हे सांगायला हवं.

भागाकाराची गंमत

वय वेगवेगळं असेल तर तुलना कशी करायची? व्हिएन्नाच्या गटाने एक सुटसुटीत उपाय रूढ केला: वारेचं घनफळ भागिले बाळाची डोक्यापासून पार्श्वभागापर्यंतची लांबी. हा भागाकार सोपा आहे, लक्षात राहतो, म्हणून टिकला. या गटाचं मला कौतुक आहे, कारण फारसं कुणी करत नव्हतं तेव्हा त्यांनी धोका नसलेल्या साध्या गरोदर बायकांमध्ये हे तपासलं.

पण भागाकारात एक खोच आहे. काही बाळांची वाढ पहिल्या तिमाहीतच मागे पडलेली असते. अशा बाळाची लांबीही कमी आणि वारही लहान. लहानाला लहानाने भागलं की उत्तर येतं "ठीक". जे शोधायला निघालो तेच भागाकारात छाटलं गेलं!

आपल्याकडे ही अडचण दुप्पट होते. पाळीची तारीख नक्की आठवत नसेल तर आठवडे ठरवतात ते बाळाच्या याच लांबीवरून. म्हणजे लहान बाळ हे लहान न ठरता "कमी दिवसांचं" ठरतं, आणि त्याची वार त्या दिवसांच्या मानाने योग्य. मोजपट्टीच मोजायच्या वस्तूवरून बनवली, तर दुसरं काय होणार?

लंडन आणि ऑक्सफर्ड

आता दोन पेपरांबद्दल नीट बोलते, कारण नुसती सरसकट टीका सोपी असते.

पहिला २००५ चा, लंडनमधल्या किप्रोस निकोलाइड्स यांच्या गटाचा. ११ ते १३ आठवड्यांत वारेचं घनफळ आणि गुणसूत्रांतले दोष यांचा संबंध त्यांनी तपासला. ट्रायसोमी १३ आणि १८ मध्ये वार लक्षणीय लहान होती. ट्रायसोमी २१ मध्ये, म्हणजे डाऊन सिंड्रोममध्ये, तसा फरक नव्हता. मला हा पेपर आवडतो, कारण "फरक नाही" हे त्यांनी फरकाइतकंच स्पष्ट लिहिलं. यातून दोन गोष्टी कळतात. एक, घनफळात खरंच माहिती असते, सगळा धुरळा नाही. दोन, ती ठळक दिसते ती टोकाच्या आजारांत, जे त्याच सोनोग्राफीत इतर खुणांवरूनही लक्षात येण्यासारखे असतात. मधल्या करड्या पट्ट्यात, जिथे मदतीची खरी गरज आहे, तिथे आवाज क्षीण होतो.

दुसरा २०१८ चा, ऑक्सफर्डच्या सॅली कॉलिन्स यांच्या गटाचा, जेसीआय इनसाइटमध्ये आलेला. माझ्या प्रबंधाचा निम्मा पाया यावर आहे. त्यांनी २,३९३ ठोकळ्यांवर डीप लर्निंगचं मॉडेल शिकवलं आणि वार आपोआप, काही सेकंदांत ओळखून दाखवली. मॉडेलने रेखलेली वार आणि संदर्भ वार यांच्या जुळणीचा डाइस गुणांक ०.८४ आला. १ म्हणजे तंतोतंत, ० म्हणजे काहीच नाही. जिथे लोक पाच-पन्नास वारांवर पेपर लिहीत होते, तिथे हे काम वेगळ्याच पातळीचं होतं. पंधरा मिनिटांचं काम सेकंदांवर आल्याशिवाय हजारो बायकांवर अभ्यास करणं शक्यच नाही, हे त्यांनी ओळखलं.

माझा आक्षेप पेपरपेक्षा तो ज्या पद्धतीने वाचला जातो त्यावर आहे. "संदर्भ वार" आली कुठून? माणसांनी अर्धस्वयंचलित साधनाने आखलेल्या वारांतून. आमच्या भाषेत याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात. पण बाराव्या आठवड्याची वार बाहेर काढून पाण्यात बुडवता येत नाही. म्हणजे हे "सत्य" म्हणजे एका प्रशिक्षित माणसाचं मत. मॉडेल त्या मताशी जुळतं, एवढंच ०.८४ सांगतं. शिवाय डाइस जुळला म्हणजे घनफळ जुळलंच असं नाही: मॉडेल सगळीकडे जरासं आत रेखत असेल तर डाइस फारसा पडत नाही, पण थालीपिठाचं गणित आठवा, घनफळ धाडकन पडतं.

त्यांनी पुढची पायरीही प्रामाणिकपणे घेतली. जन्मताना लहान राहणारी बाळं ओळखायला मॉडेलचं घनफळ आणि माणसाने काढलेलं घनफळ जवळपास सारखंच उपयोगी पडतं, असं दाखवलं. हे यश आहेच. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू अशी: माणसाच्या मापाला जी मर्यादा होती, ती आता आपोआप, झटपट मिळते. मशीनमुळे माप वेगवान झालं. ते खरं झालं का, हा वेगळा प्रश्न आहे.

पुण्याजवळची सहा गावं

या विषयातला माझा सगळ्यात लाडका पेपर मात्र त्रिमितीय नाहीच. तो आहे २००० सालचा, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधून आलेला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यात गरोदरपणाच्या मध्यावर, साध्या द्विमितीय सोनोग्राफीवरून, वारेचं घनफळ काढलं होतं. ज्यांचं घनफळ कमी, त्यांच्या बाळाचं जन्मवजन कमी, असा संबंध दिसला. आणि घनफळाचा संबंध होता आईच्या गरोदर होण्याआधीच्या वजनाशी.

हे दुसरं वाक्य पुन्हा वाचा. गरोदर होण्याआधीचं वजन. म्हणजे कहाणी बाराव्या किंवा अठराव्या आठवड्याला सुरू होत नाही. ती बाई लग्न होऊन येण्याआधी काय खात होती, शेतात किती राबत होती, तिथे सुरू होते. वार हा मधला दुवा आहे, कदाचित नुसता निरोप्या. त्या पेपरच्या शीर्षकात "कमी जन्मवजनाचं कारण?" असं प्रश्नचिन्ह आहे. मला ते प्रश्नचिन्ह फार मोलाचं वाटतं. नंतरच्या कित्येक पेपरांमधून ते गळून पडलं.

आणखी एक गोष्ट यातून निघते. लंडन किंवा व्हिएन्नाच्या बायकांवरून काढलेला "नॉर्मल" तक्ता मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून इथल्या लहान चणीच्या बाईला "अपेक्षेपेक्षा कमी" म्हणणं कितपत बरोबर? कुणाच्या अपेक्षेपेक्षा?

मग रिपोर्टवरच्या त्या ओळीचं काय?

एक साधं उदाहरण घेते. आकडे समजुतीसाठी आहेत. १,००० गरोदर बायका. जन्मवजनाच्या तक्त्यात तळाच्या दहा टक्क्यांत येणारं बाळ म्हणजे लहान, अशी व्याख्या असल्याने साधारण १०० बाळं लहान असणार. समजा, एखादी चाचणी त्यातल्या ३० ओळखते, आणि उरलेल्या ९०० पैकी १० टक्के, म्हणजे ९० जणींना उगाच धोक्यात टाकते. एकूण १२० जणींच्या रिपोर्टवर "कमी" असं येईल. त्यातल्या ९० जणींना घाबरण्याचं कारण नव्हतं. म्हणजे चारातल्या तिघी! शिवाय ज्या ७० जणींची बाळं लहान होणार होती, त्यांना "सगळं छान" सांगितलेलं असेल.

हा तोटा एखाद्या वेळी परवडतोही, जर पुढे करण्यासारखं काही असेल तर. प्रीएक्लॅम्प्सियाबाबत तसं आहे. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना पहिल्या तिमाहीपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तेव्हा दिवस भरण्याआधी बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. पण जास्त धोका असलेल्या बायका शोधल्या कशावरून? आईची माहिती, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमनीचा डॉप्लर आणि रक्तातली वारेची प्रथिनं यांवरून. त्या यादीत वारेचं घनफळ नव्हतं. आणि हे काम निकोलाइड्स यांच्याच गटाचं! ज्यांनी २००५ मध्ये घनफळ मोजलं, त्यांनीच ते इथे घेतलं नाही. माझ्या दृष्टीने या क्षेत्रावरचं हे सगळ्यात बोलकं परीक्षण आहे.

यामागे एक मूलभूत कारणही आहे. वारेचं काम चालतं तिच्या तंतूंच्या पृष्ठभागातून. पूर्ण दिवसांच्या वारेत तो दहा-बारा चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे एका छोट्या खोलीएवढा. घनफळ सांगतं कारखान्याची इमारत केवढी आहे. आत किती यंत्रं चालू आहेत, हे रक्तातली प्रथिनं आणि डॉप्लर जास्त जवळून सांगतात.

मग मी हे काम सोडून देऊ का? नाही. संशोधनासाठी घनफळ मोजायलाच हवं, कारण वार कशी वाढते हे कळायचा दुसरा बिनधोक मार्ग फारसा नाही. फक्त मोजणाऱ्यांनी (यात मी आले) चार गोष्टी पाळाव्यात, एवढंच म्हणणं. एक, कड कुठे धरली, अस्तर आत घेतलं की बाहेर, ते चित्रासकट सांगा. दोन, निदान काही बायकांचा ठोकळा पुन्हा नव्याने घ्या, आणि फरक मिलिलिटरमध्ये लिहा. तीन, किती ठोकळे बाद केले ते सारांशात लिहा. चार, घनफळ इतर सोप्या मापांपेक्षा जास्तीचं काय सांगतं ते दाखवा. आईचं वजन आणि रक्तदाब यांवरून जे कळतं तेच पुन्हा कळत असेल तर महागडं मशीन कशाला?

आणि पाचवी, ही माझ्या स्वतःसाठी: जोवर हे झालेलं नाही, तोवर हा आकडा एकट्या बाईच्या रिपोर्टवर "कमी" असा शिक्का मारून छापू नये. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी गेल्या आठवड्यात एक बदल केला. आता तो एकच आकडा दाखवत नाही, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" अशी पट्टी दाखवतो. मॅडम म्हणाल्या, पट्टी फार रुंद दिसतेय, परीक्षक विचारतील. म्हटलं, विचारू देत. ती तेवढी रुंद आहेच.

बहिणीला मी शेवटी फोन केला. सांगितलं, "या एका आकड्यावरून काही ठरत नाही. तुझी वार मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी तो बदलतो. पण बीपी नियमित मोज, तुझ्या डॉक्टरांना प्रीएक्लॅम्प्सियाच्या धोक्याबद्दल स्पष्ट विचार, आणि पुढच्या महिन्यांतल्या वाढीच्या सोनोग्राफ्या चुकवू नकोस. त्या खऱ्या कामाच्या." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग छापलं कशाला त्यांनी?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे एका वाक्यात होतं. मशीन देतं म्हणून. आणि मशीनला ते द्यायला शिकवणाऱ्यांत मीही आहे.

पुढच्या पोस्टमध्ये डाइस गुणांकाबद्दल सविस्तर लिहीन. दोन वर्तुळं आणि थोडं गणित. तोवर काही शंका असतील तर विचारा, आणि कुणा डॉक्टर वाचकाला यात चूक दिसली तर जरूर कळवा. दुरुस्त करेन.